पाठमोरा चित्रकार आणि टाचणीचं भोक

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं, १६६६ ते १६६८च्या सुमारास काढलेलं एक चित्र आहे. एक चित्रकार आपल्याकडे पाठ करून स्टुलावर बसलाय, समोर निळ्या वस्त्रातली मुलगी उभी आहे आणि तो तिला रंगवतोय. चित्रकाराच्याच खोलीत डोकावायला मिळाल्यावर वाटतं, व्हर्मीर कसं काम करायचा ते आता कळणार. मला मात्र तो पाठमोरा माणूस हा व्हर्मीरने रचलेला चकवा वाटतो.

ईझलवरचा कॅनव्हास बघा. त्यावर पांढऱ्या रेषांत आकृती आखलेली आहे आणि रंग चढलाय तो फक्त मुलीच्या डोक्यावरच्या पानांच्या मुकुटाला. खुद्द व्हर्मीर असं काम करत नसे. त्याच्या चित्रांच्या तपासण्यांत रंगांखालचे थर दिसले आहेत. आधी तो काळ्या-तपकिरी रंगांत उजेड आणि सावली ढोबळपणे मांडून घ्यायचा, खरे रंग त्यानंतर. मग इथे सुरुवात मुकुटापासून का? मुकुट, तुतारी आणि जाडजूड पुस्तक या खुणांवरून ती मुलगी इतिहासाची देवता क्लिओ ठरते, आणि मुकुट म्हणजे कीर्ती. पठ्ठ्या सगळ्यात आधी कीर्तीच रंगवायला बसलाय! अंगातला चिरा दिलेला काळा डगलाही त्या काळी जुन्या वळणाचा.

व्हर्मीरच्या खऱ्या कामाची खूण चित्रात आहे, पण ती रंगवलेली नाही. भिंतीवरच्या नकाशाच्या खालच्या दांडीला जो गोळा आहे, त्याच्या जरा खाली टाचणीएवढं भोक सापडलं. चित्रातल्या खोलीत आत जाणाऱ्या रेषा वाढवल्या की त्या बरोबर तिथेच मिळतात. यालाच लोपबिंदू म्हणतात. तिथे टाचणी रोवायची, तिला खडू लावलेला दोरा बांधायचा, ताणून टिचकी मारायची. लाकडावर सूत मारतात तसंच. रेघ सरळ उमटते, आणि तीही हव्या त्या कोनात. व्हर्मीरच्या डझनभराहून अधिक चित्रांत अशी भोकं आढळली आहेत.

त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून पडद्यावर प्रतिमा पाडणारी पेटी, वापरली का, हा वाद जुना आहे. चित्रात डावीकडे लटकणाऱ्या जाड कापडी पडद्यावर रंगाचे बारीक ठिपके आहेत. भिंगाचा फोकस चुकला की चकाकणारे बिंदू असेच पसरट दिसतात. पण टाचणीच्या भोकामुळे एवढं नक्की होतं, की निदान खोलीची आखणी त्याने भूमितीने केली. प्रतिमेवरून नुसतं गिरवलं नाही. ठिपक्यांचा परिणाम त्याने भिंगातून पाहिला असेलही. पाहणं वेगळं, गिरवणं वेगळं.

हे चित्र त्याने अखेरपर्यंत विकलं नाही. १६७५ मध्ये तो डोक्यावर कर्ज ठेवून गेला, तेव्हा सावकारांच्या हाती लागू नये म्हणून त्याच्या बायकोने ते आपल्या आईच्या नावे करून टाकलं.