डायमिथाइल कार्बोनेट : थेट निर्मिती

मिथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या विक्रियेतून डायमिथाइल कार्बोनेट मिळवण्याची उत्प्रेरकी पद्धत. ६४ ग्रॅम मिथेनॉल व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यांपासून ९० ग्रॅम कार्बोनेट आणि १८ ग्रॅम पाणी मिळते. कार्बोनेट हा द्रव असून सुमारे ९०° से. तापमानाला उकळतो. लिथियम-आयन बॅटरीतील इलेक्ट्रोलाइटसाठी व पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकसाठी त्याला मागणी आहे. पूर्वी तो फॉस्जीन या अतिविषारी वायूपासून बनवत. थेट पद्धतीचे महत्त्व मुख्यतः हा वायू टाळण्यात आहे.

सिरियम ऑक्साइड हा यातला सर्वांत भरवशाचा उत्प्रेरक. त्याच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी व अल्कधर्मी अशा दोन्ही जागा असतात. तेथे मिथेनॉलचा मेथॉक्सी गट (हायड्रोजन गमावलेला CH₃O हा भाग) बनतो, त्यात कार्बन डायऑक्साइड शिरतो आणि दुसरा मिथेनॉल रेणू विक्रिया पुरी करतो. नुसता तीव्र आम्लधर्मी उत्प्रेरक घेतला तर डायमिथाइल ईथर होऊन मिथेनॉल वाया जाते.

खरी अडचण विक्रियेतून निघणाऱ्या पाण्याची आहे : ते साचले की कार्बोनेट उलट मिथेनॉलकडे वळते आणि विक्रिया समतोलावर थांबते. उत्प्रेरक वेग वाढवतो, समतोल हलवत नाही. पाणी काढले नाही तर मिथेनॉलचे रूपांतर जेमतेम एखाद्या टक्क्यावर अडकते. मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सूक्ष्मछिद्री पदार्थ) विक्रियेच्या तापमानाला पाणी नीट धरत नाही, म्हणून मिश्रण बाहेर काढून, थंड करून सीव्हमधून फिरवावे लागते.

जपानच्या तोहोकु विद्यापीठातील केइची तोमिशिगे यांच्या गटाने २-सायनोपिरिडीन हे सेंद्रिय संयुग वापरून ही कोंडी फोडली. ते पाण्याशी विक्रिया करून २-पिकोलिनामाइड बनते, आणि या विक्रियेलाही सिरियम ऑक्साइडच चालते. ऑटोक्लेव्हमध्ये (उच्च दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) ३.२ ग्रॅम मिथेनॉल, ५.२ ग्रॅम सायनोपिरिडीन, ०.१७ ग्रॅम उत्प्रेरक घालून, आतली हवा घालवून कार्बन डायऑक्साइड ५ मेगापास्कलपर्यंत भरतात. १२०° से. तापमानाला १२ तासांत कार्बोनेटचा उतारा ९० टक्क्यांच्या वर जातो. मिथेनॉल कोरडेच हवे, कारण त्यातले पाणी सायनोपिरिडीन आधीच खाऊन टाकते.

पिकोलिनामाइड उत्प्रेरकावर चिकटून त्याला मंद करते, ६००° से. तापमानाला हवेत भाजल्यावर तो पुन्हा कामाला येतो. सुमारे ११०° से. खाली ते गोठत असल्याने सलग चालणाऱ्या संयंत्रात थंड नळ्या तुंबतात. शिवाय ९० ग्रॅम कार्बोनेटमागे १०४ ग्रॅम सायनोपिरिडीन खर्ची पडते. पिकोलिनामाइडमधून पाणी काढून सायनोपिरिडीन परत मिळवता येते, पण ही वेगळी पायरी सोपी नाही. मिथेनॉल उरले तर वेगळाच त्रास होतो : त्याचे कार्बोनेटशी साधारण ७०:३० वजनी प्रमाणाचे स्थिरक्वाथी (एकाच तापमानाला एकत्र उकळणारे) मिश्रण होते, जे साध्या ऊर्ध्वपातनाने फुटत नाही.