साल एकच, मुळं निराळी

"शब्द सारखा, म्हणजे मूळ एकच," असं फॉरवर्ड कायम फिरतं. तसं नसतं.

बेळगावच्या बाजारात आंब्याची साल, वहीवरचं साल आणि कन्नड 'साल' म्हणजे कर्ज, तिन्ही एकाच गल्लीत ऐकू येतात. मराठीत 'ती साल' आणि 'ते साल', इथंच फरक कळतो. वर्षाचं साल फारसीतून आलं. पोर्तुगीज 'साल' तर मीठ!

तपासायचं तर शब्दाचं गोत बघा: सालपट, सालाबाद, कन्नडमध्ये 'सालगार' म्हणजे कर्जदार. मग मोल्सवर्थचा मराठी (१८५७) आणि किट्टेलचा कन्नड (१८९४) कोश शेजारी उघडा.

खरी देवघेवही आहेच. आपलं तूप आणि कन्नड 'तुप्प': इथं आवाजाबरोबर अर्थही जुळतो.