स्टेअरिंगचा प्ले (जुन्या मोटारींतील)

स्टेअरिंगचा प्ले : स्टेअरिंगचे चाक हलवल्यापासून पुढची चाके प्रत्यक्ष वळू लागेपर्यंत जेवढी फिरत वाया जाते तिला ‘प्ले’ म्हणतात. शास्त्रीय लेखनात स्टेअरिंगला ‘सुकाणू’ हा प्रतिशब्द रूढ आहे. तो मूळचा नौकेच्या संदर्भातला असून बहुधा अरबी ‘सुक्कान’वरून आलेला आहे. इंदूर-महू-देवास भागातील मराठी घरांत व गॅरेजांत मात्र ‘प्ले आलाय’, ‘स्टेअरिंग सैल लागतं’ असेच बोलतात; या नोंदीतही तेच शब्द ठेवले आहेत.

उगम : घोडागाडीचा पुढचा आख मधल्या एका खिळीवर अख्खा फिरत असे. झिजायला जागा एकच. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र खिळी देऊन ती एका दांडीने जोडण्याची युक्ती निघाली, तेव्हा गाडी वळणावर स्थिर झाली, पण सांधे वाढले. सैल स्टेअरिंगची कथा खरे तर इथून सुरू होते. ही युक्ती कोणाची याबद्दल मतभेद आहेत. रूढ नाव रूडॉल्फ आकरमान यांचे. लंडनमधील या प्रकाशकाने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले; परंतु ते म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांच्या वतीने, आणि लांकेनस्पेर्गर यांची मूळ रचना त्याआधी एक-दोन वर्षांची असावी. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांचे नाव घेतात. वैद्यकी करताना खराब रस्त्यांवर सतत फिरावे लागणाऱ्या या गृहस्थांनी १७५० च्या दशकाच्या अखेरीस अशी रचना योजली होती; पेटंट मात्र घेतले नाही. कल्पनेचा अग्रमान डार्विन यांना आणि वापरात आणण्याचे श्रेय लांकेनस्पेर्गर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. आकरमान यांचे नाव केवळ पेटंटच्या कागदामुळे टिकले. वळताना आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळावे, हे या रचनेचे सार होय. मोटारयुगात आमेदे बोले यांनी १८७३ च्या वाफेच्या गाडीत पुढच्या चाकांना स्वतंत्र खिळी दिली. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये तीनच चाके ठेवून हा प्रश्न टाळला व १८९३ मध्ये चारचाकीत सोडवला. गाडी वळवण्याच्या हातदांडीऐवजी स्टेअरिंगचे गोल चाक आले ते सुमारे १८९४ पासून. त्या वर्षीच्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेद व्हाशरॉन यांच्या पानार गाडीला ते होते.

भारतीय जुन्या गाड्या : निदानाच्या दृष्टीने तीन घराणी ओळखावीत. विलिस वंशाच्या जीपला कॅम-लिव्हरची पेटी (स्टेअरिंग कॉलमच्या टोकाचा गिअरबॉक्स), सरळ आख आणि मध्ये बेल क्रँक (जोराची दिशा बदलणारा कोनी दांडा) असते; तिचा प्ले बहुधा या बेल क्रँकच्या बेअरिंगमधूनच येतो. फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, हिच्यात पेटी एका बाजूला व आयडलर आर्म (दांड्यांना तिकडून आधार देणारा हात) दुसऱ्या बाजूला असतो. मॉरिस ऑक्सफर्ड (तिसरी मालिका) या गाडीवरून आलेल्या अॅम्बॅसडरला पेटीच नाही, तिथे रॅक-पिनियन (दातेरी दांडी व तिला फिरवणारे लहान दातेरी चाक). इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बॉडी बांधलेली अमेरिकी ड्यूसेनबर्ग मोटार जगप्रसिद्ध आहे. ती कितीही वेगवान असली तरी तिचा पुढचा आख सरळ, किंगपिनचाच (किंगपिन म्हणजे चाक जिच्यावर वळते ती खिळी). मोटार राजवाड्यातली असो वा वाड्यातली, तपासायचे सांधे तेच.

निदान : सैलपणा एका जागी क्वचितच असतो. सहा-सात सांध्यांत केसाएवढी झीज झाली की स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला ती बोटभर दिसते. म्हणून पहिला नियम असा, की पेटीवरच्या, प्ले कमी करण्याच्या स्क्रूला शेवटी हात लावावा. हा नियम फार मोडला जातो, आणि त्याने चांगल्या पेट्या कायमच्या खराब होतात. गाडी सरळ जाताना वर्मचा (पेटीतील आटेदार दांड्याचा) मधला भाग सर्वांत जास्त झिजतो, कडेचे आटे जवळजवळ नवे राहतात. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर पूर्ण वळणावर पेटी जॅम होऊ लागते आणि वळल्यावर चाक आपण होऊन परत येत नाही.

सुरुवात हवा व टायरपासून करावी. कमी हवा, असमान झिजलेले टायर किंवा जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर यांमुळे गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्या धरते, आणि निर्दोष स्टेअरिंगही सैल भासते. मग इंजिन बंद ठेवून, पुढची चाके जमिनीवरच सरळ ठेवून, स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला खडूची खूण करावी व डॅशबोर्डला एक तार काट्यासारखी बांधावी. एकाने चाक डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहायचे, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. दोन भागांवर एकाच वेळी बोट टेकवले की त्यांच्यातला फरक डोळ्यांआधी बोटाला कळतो. ‘हलवत राहा काका, थांबू नका,’ असे खालून सांगावे लागते, कारण हालचाल थांबली की दोषही लपतो. ड्रॉप आर्म (पेटीतून बाहेर आलेला हात) हलतो पण ड्रॅग लिंक (त्याला जोडलेली दांडी) उशिरा हलते, तर त्यांच्यातला बॉल जॉइंट (गोळी-वाटीचा सांधा) गेला. चाक हलते पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर दोष पेटीत किंवा कॉलमच्या जोडात. पेटीच चॅसिसवर डुलत असेल तर बोल्ट सैल किंवा चॅसिसला तडा. हा शेवटचा दोष दिसला तर गाडी जागची हलवू नये.

नंतर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे : खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉड एंड (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) कळतो. अॅम्बॅसडरमध्ये रॅकच्या रबरी बेलोजखालचा (घडीच्या आवरणाखालचा) आतला बॉल जॉइंट हाताने दाबून पाहावा. बेलोज फाटलेला असेल तर धूळ आत जाऊन बाकीचे काम तिनेच केलेले असते. मागचे लीफ स्प्रिंगचे बुश (सांध्यातील नळीसारखे अस्तर) व यू-बोल्ट विसरू नयेत : मागचा आख सरकला की गाडी पुढून सैल असल्यासारखी वागते. इंदुरातील एका फियाटची पेटी दोनदा आवळूनही गाडी भटकत होती. अखेरीस आयडलरचा पन्नास वर्षांचा बुश बदलला आणि पेटी पुन्हा सैल करावी लागली.

मर्यादा : केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ९८ नुसार चाकावरील प्ले ३० अंशांहून अधिक नसावा व बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात. ४३ सेंमी. व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे ११ सेंमी. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, गाडी चालवण्याचे प्रमाण नव्हे. ब्रिटनमधील वाहनांच्या एमओटी या सक्तीच्या तपासणीत ३८ सेंमी. चाकाला पेटी असल्यास ७५ मिमी. व रॅक असल्यास १३ मिमी. एवढीच सूट मिळते. रॅक व पेटी यांना वेगळा न्याय देणारे हे प्रमाण अधिक ग्राह्य मानावे. भारतात २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी मिळते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्या मूळ रचनेत मोठा फेरफार चालत नाही, म्हणून जुनी पेटी काढून पॉवर स्टेअरिंग बसवण्यापेक्षा सांधे, बुश व शिम (पातळ चकत्या) बदलणे श्रेयस्कर.

दुरुस्तीनंतर पुढची चाके उचलून पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवून पाहावीत. कुठेही अडकू नयेत. मग टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत त्याचे माप) मोजावा, कारण टाय रॉड एंड बदलला की तो हमखास बदलतो. रस्त्यावरची चाचणी आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने घ्यावी. खंडवा रस्त्यावरच्या भेरू घाटाचा उतार त्यानंतर.