शेअर्ड फोल्डर, लिनक्स आभासी यंत्रातील

संगणकावर आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन, बोलण्यात ‘व्हीएम’) चालू असताना मूळ यंत्रावरचा एखादा फोल्डर आतल्या लिनक्सला स्वतःच्या डिरेक्टरीसारखा वापरू देण्याची सोय. बाहेरच्या यंत्राला होस्ट किंवा यजमान आणि आतल्या प्रणालीला गेस्ट किंवा अतिथी म्हणतात. यजमान-अतिथी ही जोडी पाठ्यपुस्तकांपुरतीच. पुण्यातल्या प्रयोगशाळांत होस्ट आणि गेस्ट हेच शब्द चालतात.

या सोयीचा उगम कोठे मानायचा, याबाबत एकमत नाही. काही लेखक तो आयबीएमच्या मोठ्या संगणकांपर्यंत, म्हणजे १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० पर्यंत मागे नेतात. त्या प्रणालीत डिस्कचे तुकडे करून (मिनिडिस्क) प्रत्येक आभासी यंत्राला वाटून देत आणि एकाची मिनिडिस्क दुसऱ्याला जोडून घेता येई. साम्य वरवरचे आहे. तेथे वाटून घेतली जाई ती डिस्क, फाइल नव्हे. दोन यंत्रांनी एकाच मिनिडिस्कवर एकदम लिहिले तर तिच्यावरची अनुक्रमणिकाच बिघडे, कारण दुसऱ्याने काय बदलले हे पहिल्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आजही डिस्कचा एकच ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) विभाग होस्ट आणि गेस्ट दोघांनी एकाच वेळी माउंट केला, म्हणजे जोडून घेतला, तर तीच गत होते. शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) होस्टच सांभाळतो. गेस्ट फक्त ‘ही फाइल उघड’, ‘इतके बाइट दे’ अशा मागण्या पाठवतो. हा फरक लक्षात घेता मिनिडिस्कला पूर्वज न मानणेच सयुक्तिक वाटते. त्यापेक्षा जवळचे उदाहरण म्हणजे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील डॉसइम्यू, म्हणजे लिनक्सवर जुन्या डॉस प्रणालीचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर. त्यात लिनक्सची डिरेक्टरी डॉसला ड्राइव्ह म्हणून दाखवता येई, अर्थात तेथे लिनक्स होस्टच्या जागी होते. लिनक्सच गेस्ट असलेल्या रचनांत जेफ डाइक यांच्या यूझर मोड लिनक्समधील (लिनक्सवरच साध्या प्रोग्रॅमसारखे चालणारे लिनक्स) होस्टएफएस हे सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक ठरते. ते साधारण २००० च्या आसपासचे.

नंतरच्या पद्धतींचे तीन गट पडतात. पहिल्यात या मागण्या पाठवण्याची उत्पादकाची स्वतःची भाषा (प्रोटोकॉल) असते. व्हीएमवेअरचे एचजीएफएस ‘एमएनटी’मधल्या ‘एचजीएफएस’ डिरेक्टरीत दिसते. व्हर्च्युअलबॉक्स (आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर; २००७ मध्ये इनोटेकचे, मग सनचे, मग ओरॅकलचे) व्हीबॉक्सएसएफ वापरतो. त्यासाठी गेस्टमध्ये ‘गेस्ट अॅडिशन्स’ बसवाव्या लागत, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत झाला की त्याला जोडायचे मोड्यूल पुन्हा बांधावे लागे. लिनक्स कर्नलच्या २०२० मधील ५.६ आवृत्तीपासून व्हीबॉक्सएसएफ कर्नलमध्येच आले आणि हा त्रास बराच कमी झाला. दुसरा गट जाळ्यावरून फाइल देणाऱ्या एनएफएस आणि सांबा यांचा. ते आभासी यंत्रांसाठी बनलेले नाहीत, पण चालतात. तिसरा गट लिनक्सवर आभासी यंत्रे चालवणाऱ्या केव्हीएम आणि क्यूइमू यांचा. येथे आधी बेल लॅब्जच्या प्लॅन ९ प्रणालीतील ९पी ही भाषा घेतली गेली. २०१९ च्या ५.४ कर्नलपासून व्हर्टायोएफएस आले. ते फ्यूजच्या (कर्नलबाहेरून फाइल सिस्टीम चालवण्याची लिनक्समधील सोय) संदेशांवर बेतलेले असून होस्टची स्मृती थेट वापरण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे सहसा ९पीपेक्षा वेगवान ठरते.

पुण्यात या सोयीशी गाठ पडते ती बहुधा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. लॅपटॉपवर विंडोज, प्रात्यक्षिके लिनक्सवर. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू आणि दोहोंमध्ये एक फोल्डर. फोल्डर ‘मीडिया’ डिरेक्टरीत ‘एसएफ’ या उपसर्गाने दिसतो, पण उघडत नाही. वापरकर्ता ‘व्हीबॉक्सएसएफ’ गटात नसतो, आणि गटात घातल्यावरही लॉगआउट करून परत यावे लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. दुसरी अडचण फिफोची, म्हणजे नामित पाइपची. दोन प्रक्रियांमधला संवाद दाखवण्याचा हा प्रयोग शेअर्ड फोल्डरमध्ये केला तर पाइप तयारच होत नाही, परवानगी नसल्याचा संदेश येतो. चूक प्रोग्रॅममध्ये शोधण्यात तास निघून जातो. प्रत्यक्षात व्हीबॉक्सएसएफला साध्या फाइली आणि डिरेक्टऱ्यांपलीकडे फारसे काही बनवता येत नाही. सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) बनवण्याची मुभाही सुरक्षेसाठी मुळात बंद असते. तोच प्रोग्रॅम गेस्टच्या होम डिरेक्टरीत बिनतक्रार चालतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट (शेल या प्रोग्रॅमने चालवायच्या आज्ञांची फाइल) अडते ते वेगळ्या कारणाने: ओळीच्या शेवटी असलेले जादा कॅरेज रिटर्न चिन्ह पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला चिकटते आणि त्या नावाचा शेल सापडत नाही.

देवनागरी नावांच्या फाइलींचा प्रश्न इंग्रजी संदर्भग्रंथांत जवळपास येतच नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने. लिनक्समध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ या युनिकोडच्या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे आहेत. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम मात्र २५५ यूटीएफ-१६ एकके मोजते आणि देवनागरीचे चिन्ह तिच्या लेखी एकच एकक असते. होस्टवर सुखाने नांदणारे लांबलचक मराठी नाव गेस्टच्या डिस्कवर उतरवताना म्हणूनच नाकारले जाते. दुसरी गोष्ट खास मराठीची. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ अशा शब्दांतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस+ फाइल सिस्टीम नावे दुसऱ्या, सुट्या रूपात साठवी. होस्टच्या बाजूने ती परत जोडून दिली गेली नाहीत, तर डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी दोन नावे लिनक्सला वेगळी वाटतात. शोध लागत नाही आणि गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) त्यांना दोन फाइली समजते. २०१७ पासूनच्या एपीएफएसमध्ये नाव जसे दिले तसेच राहते.

परवानग्यांची बाजू पद्धतीगणिक बदलते. व्हीबॉक्सएसएफमध्ये मालक आणि परवानगी माउंट करतानाच ठरतात. एकेका फाइलची परवानगी बदलून उपयोग होत नाही. ९पीच्या ‘मॅप्ड’ प्रकारात गेस्टला दिसणारा मालक होस्टवर फाइलच्या विस्तारित गुणधर्मांत नोंदवून ठेवतात. फोल्डर लिहिण्याजोगा दिला असेल तर गेस्टमधला घातक प्रोग्रॅम होस्टवरच्या त्या फाइली पुसू शकतो, म्हणून संशयास्पद सॉफ्टवेअर तपासताना तो फक्त वाचण्यापुरता देतात किंवा देतच नाहीत.

विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय असलेल्या डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) सी ड्राइव्ह लिनक्सला आपोआप ९पीवरून मिळतो, वेगळी मांडणी करावी लागत नाही. मात्र असंख्य छोट्या फाइलींची कामे तेथे रेंगाळतात, त्यामुळे प्रकल्प लिनक्सच्याच डिस्कवर ठेवून विंडोजमधून तो उलट दिशेने उघडण्याची पद्धत पडली आहे.