बॅगपाइपला पहिलवानी फुफ्फुसं लागतात का?

"बॅगपाइपला प्रचंड दम लागतो, तिशी-चाळिशीनंतर नादच करू नका", हे वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे, वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल बघून कुणालाही तसंच वाटेल.

पण स्कॉटिश हायलँड पाइप्सचा कुठलाही व्हिडिओ नीट बघा, वाजवणारा मधेच फुंकणं थांबवून श्वास घेतो तरी आवाज तुटत नाही, कारण फुंकनळीला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो, हवा पिशवीत साठते आणि श्वास घेताना काखेतल्या पिशवीवर हाताचा दाब वाढवला की सूर चालू राहतो. म्हणजे खरी कसरत दाब एकसारखा ठेवण्याची, आणि ती सवयीने जमते.

शिवाय सुरुवात पिशवीवर होतच नाही. आधी प्रॅक्टिस चँटर, बासरीएवढी साधी नळी, आवाज बेताचा (शेजारी वाचले!), त्यावर 9 सूर आणि बोटं बसवायची, यातच बरेच महिने जातात. नंतर पाइप्स घेतल्यावरही हलकी रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) लावता येते, तिन्ही ड्रोन (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या) बुचांनी बंद ठेवून एकेक उघडता येतात. तरीही लवकर धाप लागत असेल तर आधी पिशवी किंवा नळ्यांचे सांधे गळतायत का ते तपासा, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.