चहाच्या मळ्यातली चाळिशी

जवळचं वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात. वस्तूला थेट वयाचंच नाव. नाव झकास आहे, पण गोची त्याच्यातच आहे. केस पिकावेत तशी चाळिशी 'लागते', आणि लागली की माणूस तिच्याशी जुळवून घेतो. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख शेजाऱ्याकडून वाचून घेतो. 'वय झालं आता' म्हटलं की विषय संपला. दवाखान्यात जावं असं यात काही आहे, हे मनातही येत नाही.

डोळ्यात घडतं ते असं. बुबुळामागचं नेत्रभिंग लहानपणी मऊ, लवचीक असतं. जवळचं पाहताना भोवतीचा स्नायू आवळतो, भिंग फुगीर होतं आणि प्रतिमा पडद्यावर नेमकी पडते. पण हे भिंग जन्मभर वाढत राहतं. कांद्यासारखे एकावर एक थर चढतात, जुन्या पेशींना झडून जायला वाट नसते, आणि हळूहळू ते ताठर होतं. स्नायू आवळतो, पण भिंग पूर्वीसारखं फुगत नाही.

भिंग असं फुगवण्याची डोळ्याची ताकद दहाव्या वर्षी साधारण 14 डायॉप्टर असते; चष्म्याचा नंबर मोजतात तेच हे एकक. चाळीसच्या आसपास ती 4-5 वर येते, साठीला जेमतेम 1 उरते. एक फुटावर धरलेला कागद वाचायला 3 लागतात. म्हणजे चाळिशीत हिशोब कागदावर जमतो. पण सगळी ताकद पणाला लावून कुणी तासभर वाचू शकत नाही. तूट भरून काढायला बहिर्गोल काच पुरते. 'प्लस दोन'चा चष्मा म्हणजे 50 सेंटिमीटरवर प्रकाश एकवटणारी काच, बस. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात अशा चष्म्यावाचून राहिलेल्यांचा आकडा आहे 82 कोटी 60 लाख.

वाचणाऱ्यांची अडचण चटकन लक्षात येते. पण ज्यांचा वाचनाशी संबंधच नाही, त्यांना चाळिशी कशाला? याचं उत्तर 2017 साली आसामातल्या चहाच्या मळ्यांत मिळालं. चहा खुडताना कोवळी दोन पानं आणि शेंड्याची कळी नजरेनं हेरावी लागते, तीही झपाट्यानं. चाळिशी ओलांडलेले, जवळचं धूसर दिसणारे 751 कामगार निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला चष्मे लगेच, फुकट मिळाले. दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. चष्म्याचा नंबर पुस्तकाच्या नाही, झुडपाच्या अंतराला जुळवलेला होता. ही बारीक गोष्ट मला फार आवडली.

चष्मेवाल्यांची रोजची तोड सरासरी 25 किलोंवरून जवळपास 35 किलोंवर गेली. बिनचष्म्याच्या गटाचीही वाढली, 26 वरून साडेतीसवर. म्हणून तर तुलनेला दुसरा गट लागतो. ती वाढ वजा केली तरी चष्म्याच्या पदरात रोजचे सव्वापाच किलो, म्हणजे 21.7 टक्के पडतात. पन्नाशीपुढच्यांत फायदा त्याहून मोठा होता.

पुढे बांगलादेशातल्या खेड्यांत 800 हून अधिक लोकांवर असाच प्रयोग झाला. त्यात मोजली ती थेट कमाई. आठ महिन्यांनी चष्मेवाल्यांची मिळकत दुसऱ्या गटापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त होती.

मग काचा वाटत सुटायचं का? आठवडी बाजारात पाटीवर मांडलेले तयार चष्मे पुष्कळांना चालतात, हे खरं. पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसेल तर तिथे गाडी अडते. आणि काचबिंदू मुकाट्यानं कडेची नजर खात असतो. तो पाटीवरच्या चष्म्याला कळत नाही. कुणीतरी डोळा तपासायलाच हवा. मात्र तो 'कुणीतरी' दर वेळी डॉक्टरच असायला हवा असं नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं नेमकं हेच हेरलं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 1976 साली, 11 खाटांवर ते सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं कधीच वाकडी झाली होती; त्याच बोटांनी ते मोतिबिंदू काढत. तिथे खेड्यापाड्यांतल्या मुलींना शिकवून तयार करतात. नंबर काढण्यापासूनची बरीचशी कामं त्या करतात आणि डॉक्टरचा वेळ शस्त्रक्रियेसाठी मोकळा राहतो. शिबिरात काचा तिथल्या तिथे घासून फ्रेमला बसवतात. 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलं की एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचा हिशोब मांडून माणूस येतच नाही, हे काय सांगायला हवं!

पण शिबिर उठतं आणि भिंग ताठर होतच राहतं. म्हणून अरविंदनं गावांजवळ कायमची छोटी दृष्टिकेंद्रं उघडली. तपासणी तिथली मुलगी करते, मदुराईचा डॉक्टर पडद्यावरून पेशंटशी बोलतो. पंचेचाळिशीत दीडचा चष्मा घेतलेली बाई पन्नाशीला पुन्हा दोरा लांब धरू लागली, तर तिला पुढच्या शिबिराची वाट बघावी लागत नाही.