चारदा २५५ आणि शेवटी एकदा २५५

सोसायटीच्या फलकावर 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' अशी सूचना लागते, तेव्हा कोणत्या सोसायटीचे सभासद हे कोणी लिहीत बसत नाही. फलक ज्या जिन्याखाली टांगलाय, ती सोसायटी. तीच सूचना पोस्टाने धाडायची झाली तर पाकिटावर इमारत, रस्ता, पिनकोड सगळं लागतं. नेटवर्कमधले दोन ब्रॉडकास्ट पत्ते, म्हणजे सगळ्यांना एकदम सांगायचे पत्ते, असेच वेगळे आहेत. २५५.२५५.२५५.२५५ हा फलकावरच्या सूचनेसारखा, त्याला लिमिटेड ब्रॉडकास्ट म्हणतात. १७२.१६.२१.२५५ हा पाकिटावरच्या पत्त्यासारखा, तो डायरेक्टेड किंवा सबनेटचा, म्हणजे नेटवर्कच्या एका ठरावीक तुकड्याचा, ब्रॉडकास्ट. दोन्ही ऑक्टोबर १९८४च्या आरएफसी (इंटरनेटचे नियम नोंदवणारे दस्तऐवज) ९१९ आणि ९२२ या जोडीत नोंदलेले आहेत, म्हणजे चाळीस वर्षांहून जुने. तरी 'दोन्ही सारखेच, कुठलाही टाका' असं आजही सर्रास ऐकू येतं. मीही तेच म्हणायचो.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं काम बघायचो. चाळीस मशीन. रोज सकाळी साडेसातला लॅबचे मामा एकेक बटण दाबत फिरायचे. ते वाचवावं म्हणून मी वेक-ऑन-लॅनची, म्हणजे नेटवर्कवरून मशीन जागं करायची, स्क्रिप्ट लिहिली. झोपलेल्या मशीनचं नेटवर्क कार्ड जागं असतं आणि एका ठरावीक खुणेची वाट बघत असतं: आधी सहा बाइट एफएफ, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा सहा बाइटचा क्रमांक, सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, एकूण १०२ बाइट. एवढं दिसलं की मशीन उठतं. हे पॅकेट थेट त्या मशीनच्या आयपी पत्त्यावर का पाठवत नाहीत? कारण झोपलेलं मशीन 'हा आयपी कोणाचा?' या एआरपीच्या प्रश्नाला सहसा उत्तरच देत नाही. मॅक कळला नाही तर पॅकेट द्यायचं कोणाला? म्हणून ते सगळ्यांना ओरडून सांगायचं, ज्याचं असेल तो उठेल.

स्क्रिप्टमध्ये मी वेकऑनलॅन ही कमांड वापरली. तिला पत्ता दिला नाही तर ती २५५.२५५.२५५.२५५ वर, पोर्ट ९ला पॅकेट टाकते. कमांड चालली, एरर नाही, आणि लॅबमध्ये एकही पंखा फिरला नाही. मामांनी दारातून विचारलं, "सर, आज पण हातानेच चालू करायचे ना?"

चूक कुठे होती ते टीसीपीडम्पने, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या कमांडने, दाखवलं. माझ्या लॅपटॉपला दोन वाटा होत्या: लॅबच्या स्विचला लावलेली केबल आणि स्टाफरूमचं वायफाय. लॅबच्या केबलवर इंटरनेट नव्हतं, म्हणून गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, तेही नव्हतं. डीफॉल्ट रूट, म्हणजे दुसरी वाट ठरलेली नसेल तेव्हाची वाट, वायफायवरून जात होता. २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यात 'इथल्या सगळ्यांना' एवढंच म्हटलेलं असतं, पण 'इथे' म्हणजे कुठल्या तारेवर हे त्यात कुठेच नसतं. लिनक्सला दुसरं काही सांगितलेलं नसेल तर तो रूट टेबल बघतो, त्यात या पत्त्याला जुळणारी फक्त डीफॉल्ट ओळ सापडते आणि पॅकेट त्या बाजूने बाहेर पडतं. म्हणजे मी रोज सकाळी स्टाफरूमच्या प्रिंटरला उठवत होतो. डीफॉल्ट रूटच नसता तर 'नेटवर्क इज अनरीचेबल' असं तोंडावर तरी आलं असतं. विंडोजवर हा निर्णय इंटरफेसच्या (केबल, वायफाय अशा प्रत्येक वाटेच्या) मेट्रिकवर, म्हणजे पसंतीक्रमाच्या आकड्यावर, होतो. आभासी मशीनसाठी बनवलेलं कार्ड मेट्रिकमध्ये वरचढ निघालं की पॅकेट तिकडेच जिरतं.

हे आधीच तपासता येतं. लिनक्सवर आयपी कमांडला 'रूट गेट' म्हणून पुढे पत्ता द्या. उत्तराच्या सुरुवातीला 'ब्रॉडकास्ट' हा शब्द आणि पुढे इंटरफेसचं नाव येतं. दोन्ही पत्त्यांसाठी एकेकदा विचारा. इंटरफेस वेगळे आले तर तुमचं माझ्यासारखंच होणार.

मग मी सबनेटचा पत्ता घातला. सवयीने १७२.१६.२०.२५५. परत शांतता. या वेळी टीसीपीडम्पमध्ये जे दिसलं ते बघून हसूच आलं: माझं मशीन दर सेकंदाला विचारत होतं, '१७२.१६.२०.२५५ कोण आहे?' लॅबचं नेटवर्क १७२.१६.२०.० आणि मास्क २३चा, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २३ नेटवर्कचे, उरलेले मशीनचे; त्यामुळे पत्ते १७२.१६.२१.२५५ पर्यंत. अशा नेटवर्कात २०.२५५ हा ब्रॉडकास्ट नसतोच. तो साधा पत्ता आहे, एखाद्या मशीनला देताही येतो. मी ज्याला गावाचं नाव समजत होतो तो एका घराचा नंबर निघाला, आणि तेही रिकाम्या घराचा. गंमत म्हणजे तो 'कोण आहे' हा प्रश्न स्वतःच इथरनेटच्या पातळीवर ब्रॉडकास्ट होऊन सगळ्या चाळीस मशीनपर्यंत पोचत होता. फक्त त्यात माझे १०२ बाइट नव्हते.

म्हणून शेवटी २५५ दिसलं की तो ब्रॉडकास्ट, हा नियम डोक्यातून काढून टाका. मास्क २४चा असेल तर तो चालतो. २६चा असेल तर ब्रॉडकास्ट ६३, १२७, १९१ किंवा २५५वर संपतो. कुठल्या तुकड्यात आहात त्यावर ठरतं. डोक्यात हिशेब करायचीही गरज नाही: आयपी कमांडने पत्ते दाखवायला सांगितलं की प्रत्येक इंटरफेसच्या ओळीत 'बीआरडी'पुढे तो छापलेला असतो. मी १७२.१६.२१.२५५ घातला आणि चाळीस पंखे एकदम घरघरले. मामा म्हणाले, "आता मी काय करू?"

चारदा २५५ चा हक्काचा उपयोगही आहे. ज्याला स्वतःचा पत्ताच माहीत नाही त्याने आपल्या सबनेटचं नाव कुठून आणायचं? नवीन मशीन पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे पत्ता मागतं तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ असतं. तिथे दुसरा पर्याय नाही. पण ज्याला आपलं गाव माहीत आहे त्याने नाव घालून पाठवावं, असं माझं मत आहे. निदान दोन इंटरफेसच्या मशीनवर तरी.

आता पाठवण्याबद्दल. लिनक्सच्या बॅश या कमांड-शेलमधून डेव्ह-यूडीपीच्या वाटेने ब्रॉडकास्ट पत्त्यावर काही लिहायला गेलात की 'परमिशन डिनाइड' येतं. हे वाचून माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने सुडो लावतो, म्हणजे कमांड मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवतो. पालथ्या घड्यावर पाणी, कारण इथे परवानगी वापरकर्त्याची नसून सॉकेटची, म्हणजे प्रोग्रॅमने नेटवर्कसाठी उघडलेल्या खिडकीची, आहे. ब्रॉडकास्ट करायचाय असं प्रोग्रॅमने सॉकेटवर आधी जाहीर करावं लागतं, नाहीतर रूट या मुख्य वापरकर्त्यालाही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नाही म्हणतो. पॅकेट पाठवणाऱ्या सोकॅट या कमांडमध्ये यूडीपी-डेटाग्रामच्या पत्त्यामागे स्वल्पविराम देऊन 'ब्रॉडकास्ट' लिहायचं. बीएसडी वळणाच्या नेटकॅटला यूडीपीसाठी 'यू' आणि सोबत 'बी' हा पर्याय द्यायचा. 'आहेस का?' असं विचारणाऱ्या पिंग कमांडलाही तोच 'बी' लागतो. दिला नाही तर तो उलट विचारतो, ब्रॉडकास्टला पिंग करायचंय का?

इथे एक बारीक गोष्ट आहे, दोन्ही पत्त्यांचा स्वभाव त्यातूनच कळतो. दुसऱ्या सबनेटच्या ब्रॉडकास्टवर, समजा १७२.१६.३०.२५५ वर, तेच पॅकेट बॅशमधून पाठवा. एरर येत नाही! कारण तुमच्या मशीनला त्या नेटवर्कचा मास्क माहीतच नाही. त्याच्या लेखी तो साधा पत्ता, गेटवेकडे द्यायचा. टीसीपीडम्पला 'ई' पर्याय देऊन मॅक पत्ते बघा. आपल्याच सबनेटवर सोडलेल्या ब्रॉडकास्टच्या फ्रेमवर घेणाऱ्याच्या मॅकमध्ये सहाही जागी एफएफ असतं, मग आयपी चारदा २५५ असो की शेवटी एकदा. दूरच्या डायरेक्टेड ब्रॉडकास्टवर मात्र गेटवेचा मॅक दिसतो. वाटेतल्या कुठल्याच राउटरला हा ब्रॉडकास्ट आहे हे कळत नाही. ते कळतं फक्त शेवटच्या राउटरला, ज्याचं एक पाऊल त्या गावात आहे. त्याने ठरवायचं, पाकीट फोडून फलकावर लावायचं की टोपलीत टाकायचं. २५५.२५५.२५५.२५५ च्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. ते कुठल्याही राउटरने पुढे ढकलायचं नाही असा नियम आहे.

आणि आज शेवटचा राउटर बहुतेक टोपलीतच टाकतो. १९९५च्या आरएफसी १८१२ प्रमाणे राउटरने असं पॅकेट मुळात पुढे जाऊ द्यायचं होतं. मग स्मर्फ हल्ले आले. संगणक-सुरक्षेच्या सर्ट संस्थेने जानेवारी १९९८मध्ये त्यावर इशारा दिला. हल्लेखोर एका मोठ्या सबनेटच्या ब्रॉडकास्टला पिंग पाठवायचा आणि पाठवणारा म्हणून सावजाचा पत्ता लिहायचा. त्या सबनेटमधली शंभर-दोनशे मशीन इमानेइतबारे उत्तर द्यायची, सगळी त्या बिचाऱ्याला. ऑगस्ट १९९९च्या आरएफसी २६४४ने नियम उलटा केला: डायरेक्टेड ब्रॉडकास्ट मुळात बंद, हवा असेल त्याने मुद्दाम चालू करावा. सिस्को कंपनीच्या राउटरवर त्यांच्या आयओएस प्रणालीच्या १२.० आवृत्तीपासून तो बंदच येतो.

त्याच हल्ल्यांनी पिंगने ब्रॉडकास्ट तपासायची सोयही घालवली. लिनक्स आज ब्रॉडकास्ट पिंगला मुळात उत्तर देत नाही. कर्नलची ती सेटिंग १ वर असते. विंडोजही गप्प बसतो. चाळीस चालू मशीनच्या लॅबमध्ये पिंग केलं तर एखादा प्रिंटर बोलेल, बाकी शुकशुकाट. त्यावरून ब्रॉडकास्ट पोचत नाही असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. सूचना वाचून कोणी सही केली नाही म्हणजे ती वाचलीच नाही असं नसतं.

तेव्हा तपासणी ऐकणाऱ्याच्या टोकाला करायची, म्हणजे दुसऱ्या मशीनवर टीसीपीडम्प लावून. दुसऱ्याच मशीनवर हे महत्त्वाचं, कारण लिनक्स स्वतः सोडलेल्या ब्रॉडकास्टची एक प्रत स्वतःलाही ऐकवतो. एकाच लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडून 'चाललं की!' म्हणणारा स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकत असतो. आणि टीसीपीडम्पमध्ये पॅकेट दिसतंय पण तुमच्या प्रोग्रॅमला मिळत नाही असं झालं, तर तो कुठल्या पत्त्यावर कान लावून बसलाय ते बघा. १७२.१६.२०.१० अशा आपल्या नेमक्या आयपीला बांधलेल्या सॉकेटला लिनक्सवर ब्रॉडकास्ट मिळत नाही. ०.०.०.० ला बांधा. हे कळलं नाही तर फायरवॉलला शिव्या देण्यात अख्खी दुपार जाते.

डॉकरच्या कंटेनरमधून, म्हणजे मशीनच्या आतल्या बंदिस्त कप्प्यातून, नेहमीच्या ब्रिजवर सोडलेला ब्रॉडकास्ट, मग चारदा २५५ असो की ब्रिजच्या सबनेटचा, त्या आभासी ब्रिजच्या बाहेर येत नाही. वायफायवर ॲक्सेस पॉइंट गळालेला ब्रॉडकास्ट पुन्हा पाठवत नाही, पोचल्याची पोचपावतीही घेत नाही, त्यामुळे दहातला एखादा गळाला तर नवल नाही. तपासणी शक्यतो केबलवर करा.

पुढे दुसऱ्या मजल्यावरची लॅब आमच्या गळ्यात आली, १७२.१६.३०.० वाली, मध्ये राउटर. राउटरवर डायरेक्टेड ब्रॉडकास्ट चालू करून द्यायला नेटवर्कवाल्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग त्या लॅबच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन कायम चालू ठेवलं. स्क्रिप्ट त्यात एसएसएचने, म्हणजे दुरून लॉग-इन करून, शिरते आणि तिथूनच १७२.१६.३०.२५५ वर ओरडते. त्याच्या बटणावर मामांनी सेलोटेप चिकटवलीय आणि वर पेनने लिहिलंय: 'हे बंद करू नये.'